सर्व्हर न तापवता अलार्म वाजवा: क्यूएमूमध्ये नकली बीएमसी आणि सेन्सर लावण्याची पूर्ण पद्धत

सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत बऱ्याच कारखान्यांचा सर्व्हर अजूनही ऑफिसच्या कोपऱ्यातल्या काचेच्या केबिनमध्ये असतो. एसी एकच, यूपीएस एकच आणि दाराला कुलूप. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो आणि नेमका तेव्हाच एसी मान टाकतो. मॉनिटरिंग बसवलेलं असतं, ‘तापमान ४० च्या वर गेलं की मेसेज पाठव’ असा नियमही लिहिलेला असतो. तो नियम चालतो का, हे मात्र कुणी पाहिलेलं नसतं, कारण पाहायचं तर चालू सर्व्हर तापवावा लागेल, आणि ते करायला कुठलाच मालक परवानगी देणार नाही.

यावर सोपा उपाय आहे. क्यूएमू नावाचा मोफत मशीन एम्युलेटर घ्या, त्यातल्या आभासी सर्व्हरला नकली बीएमसी जोडा, त्या बीएमसीला हवे ते सेन्सर द्या आणि पारा स्वतःच्या हाताने वर-खाली करा. क्यूएमू २००३ मध्ये फाब्रिस बेलार्डने सुरू केला. बीएमसी म्हणजे सर्व्हरच्या मदरबोर्डवरचा छोटा स्वतंत्र संगणक. मुख्य मशीन बंद असलं तरी तो जागा असतो, तापमान, पंखे, व्होल्टेज वाचतो आणि दुरून मशीन चालू-बंद करू देतो. त्याच्याशी बोलायची सर्वमान्य भाषा आयपीएमआय. इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी ती १९९८ मध्ये आणली, दुसरी आवृत्ती २००४ ची. क्यूएमूला ही भाषा येते.

लेखातल्या कमांड, फाइलींची नावं आणि पर्याय उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलवर ते रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायचे. डॅश, अंडरस्कोर, स्वल्पविराम आणि बरोबरची चिन्हं दाखवली आहेत तशीच ठेवायची. हेक्स म्हणजे सोळाच्या पायावरचे आकडे; ‘हेक्स २०’ असं लिहिलं असेल तिथे आकड्याआधी शून्य आणि एक्स लावायचा.

आतला बीएमसी की बाहेरचा?

हे आधी ठरवा, नाहीतर पुढे दोन दिवस वाया जातात. क्यूएमूत दोन मार्ग आहेत. पहिला, क्यूएमूच्या आतच असलेला बीएमसी: आयपीएमआय-बीएमसी-सिम. एका ओळीत लागतो, वेगळं काही बसवावं लागत नाही. पण त्याला नेटवर्क नाही, त्याच्याशी फक्त आभासी मशीनच्या आतूनच बोलता येतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो सेन्सरचं वाचन साठवतो आणि विचारल्यावर सांगतो, पण ते मर्यादेबाहेर गेलं का हे स्वतः तपासत नाही.

दुसरा मार्ग आयपीएमआय-बीएमसी-एक्स्टर्न. यात क्यूएमू सॉकेटवरून बाहेरच्या सिम्युलेटरला जोडून घेतो. हा सिम्युलेटर ओपनआयपीएमआय प्रकल्पातला आयपीएमआय_सिम. त्याला लॅनवरून विचारता येतं, मर्यादा असतात, मर्यादा ओलांडली की घटना नोंदवही म्हणजे एसईएलमध्ये ओळ पडते.

माझं मत सरळ आहे. सेन्सरची नोंद नीट बनली का, एकक बरोबर दिसतंय का, एवढंच पाहायचं असेल तर आतला बीएमसी पुरतो. अलार्म तपासायचा असेल तर बाहेरच्याला पर्याय नाही. तरीही सुरुवात आतल्यापासूनच करा. नोंद बनवताना चूक झाली तर ती तिथे पटकन सापडते, आणि तीच नोंद पुढे बाहेरच्या सिम्युलेटरला जशीच्या तशी वापरता येते.

काय काय बसवायचं

होस्टवर, म्हणजे ज्या खऱ्या मशीनवर आभासी मशीन चालणार त्यावर, क्यूएमू, ओपनआयपीएमआय आणि आयपीएमआयटूल (बीएमसीला प्रश्न विचारणारी कमांड). डेबियन-उबुंटूत आयपीएमआय_सिम ‘ओपनआयपीएमआय’ याच पॅकेजमधून येतो. फेडोरात त्याचं पॅकेज वेगळं आहे, नावाच्या शेवटी ‘लॅनसर्व्ह’. आभासी मशीनमध्ये कुठलंही साधं लिनक्स आणि आयपीएमआयटूल चालेल. तयार क्लाउड-इमेज वापरत असाल तर तिच्या छाटलेल्या कर्नलमध्ये आयपीएमआयचे मोड्यूल नसण्याची शक्यता असते. तसं असेल तर जास्तीच्या मोड्यूलचं पॅकेज आधी टाकून घ्या.

पहिली पायरी: रिकामा बीएमसी उभा करा

क्यूएमूच्या तुमच्या नेहमीच्या कमांडला हे दोन पर्याय जोडा:

-डिव्हाइस आयपीएमआय-बीएमसी-सिम,आयडी=बीएमसी०
-डिव्हाइस आयएसए-आयपीएमआय-केसीएस,बीएमसी=बीएमसी०

पहिली ओळ बीएमसी बनवते, दुसरी त्याच्यापर्यंत जायचा दरवाजा. दुसरी ओळ विसरली तर बीएमसी असतो, पण मशीनला तो दिसतच नाही. केसीएसऐवजी बीटी हा दुसरा दरवाजाही आहे आणि दोघांच्या पीसीआय आवृत्त्याही आहेत. आपल्या कामाला केसीएस ठीक. त्याचा पोर्ट आपोआप हेक्स सीए२ धरला जातो, आणि क्यूएमू एसएमबायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या हार्डवेअरच्या यादीत, त्याची माहिती भरून ठेवतो, त्यामुळे लिनक्सला काही सांगावं लागत नाही.

मशीन सुरू झालं की आत रूट होऊन आयपीएमआय_एसआय आणि आयपीएमआय_डेव्हइंटफ हे दोन मोड्यूल मोडप्रोबने चढवा. डेव्ह फोल्डरात आयपीएमआय० ही फाइल दिसायला हवी. मग:

आयपीएमआयटूल एमसी इन्फो
आयपीएमआयटूल एसडीआर ईलिस्ट

पहिल्या कमांडने बीएमसीची ओळख दिसते. दुसरीने एकच ओळ येते, ‘वॉचडॉग’, म्हणजे मशीन अडकलं तर ते ओळखणारा टायमर. आतल्या बीएमसीत फक्त तोच एक सेन्सर तयार मिळतो. ही ओळ दिसली म्हणजे रस्ता मोकळा आहे. दिसली नाही तर सेन्सरच्या मागे लागू नका, आधी दरवाजा आणि मोड्यूल तपासा. डीएमआयडीकोड या एसएमबायोस वाचणाऱ्या कमांडला ३८ क्रमांकाचा प्रकार विचारला की बीएमसी मशीनला कळलाय का ते लगेच समजतं.

दुसरी पायरी: सेन्सरची नोंद बनवा

सगळं खरं काम इथे आहे. सेन्सर म्हणजे दोन गोष्टी: एक बाइटचं कच्चं वाचन, ० ते २५५, आणि ते वाचन कसं समजून घ्यायचं हे सांगणारी नोंद. या नोंदीला एसडीआर म्हणतात. ‘१००’ हा कच्चा आकडा १०० अंश आहे, पंख्याचे मिनिटाला ६००० फेरे आहेत की ६.३ व्होल्ट, हे फक्त नोंद सांगते. बीएमसीला अंश-व्होल्ट काही कळत नाही. म्हणून वाचन चुकीचं दिसलं तर दहापैकी नऊ वेळा नोंदच चुकलेली असते.

तुमच्याकडे खरा सर्व्हर असेल तर सर्वांत सोपं काम: त्यावर ‘आयपीएमआयटूल एसडीआर डंप’ आणि पुढे फाइलचं नाव द्या. त्याच्या सगळ्या नोंदी कच्च्या स्वरूपात त्या फाइलमध्ये उतरतात आणि तीच फाइल क्यूएमूला देता येते. आयबीएमच्या ‘पॉवर’ प्रोसेसरच्या आभासी मशीनसाठी क्यूएमूच्या स्वतःच्या दस्तऐवजात ‘पाल्मेट्टो’ या बोर्डाची अशीच फाइल वापरलेली आहे. पण खऱ्या सर्व्हरचे पन्नास-साठ सेन्सर घेऊन चाचणी करणं म्हणजे गर्दीत माणूस शोधण्यासारखं आहे. चाचणीसाठी तीनच सेन्सर हाताने बनवा. काय कुठे आहे हे एकदा कळलं की डंप वाचणंही सोपं जातं.

‘सातपूर_टी’ नावाचा तापमानाचा सेन्सर घेऊ. नाव रोमन मोठ्या अक्षरांत, अंडरस्कोर धरून आठ अक्षरं. देवनागरी नाव इथे चालत नाही, नोंदीत एका अक्षराला एकच बाइट असतो आणि नाव जास्तीत जास्त सोळा अक्षरांचं. पूर्ण नोंद ५६ बाइटची होते. हेक्समध्ये ती अशी:

बाइट १ ते ५: ०१ ०० ५१ ०१ ३३
बाइट ६ ते ८: २० ०० ०१
बाइट ९ ते १४: ०७ ०१ एफएफ ४० ०१ ०१
बाइट १५ ते २०: सहा शून्य
बाइट २१ ते २४: ०० ०१ ०० ००
बाइट २५ ते ३०: ०१ ०० ०० ०० ०० ००
बाइट ३१ ते ३४: चार शून्य
बाइट ३५ आणि ३६: एफएफ ००
बाइट ३७ ते ४७: अकरा शून्य
बाइट ४८: सी८
बाइट ४९ ते ५६: ५३ ४१ ५४ ५० ५५ ५२ ५एफ ५४

यातले काही बाइट डोळ्यांत तेल घालून पाहावे लागतात. तिसरा बाइट ५१ म्हणजे नोंदीच्या मांडणीची आवृत्ती १.५, हा दुसरा काही असला तर क्यूएमू नोंद घेत नाही. पाचवा बाइट पुढे किती बाइट उरले ते सांगतो: ५६ वजा ५ म्हणजे ५१, आणि ५१ चं हेक्स ३३. वरच्या ५१ शी याची गल्लत करू नका, तो आधीच हेक्समध्ये आहे. नावाची लांबी बदलली की पाचवा आणि अठ्ठेचाळिसावा, दोन्ही बदलायचे. सी८ मधलं ८ म्हणजे नावाची आठ अक्षरं.

आठवा बाइट सेन्सरचा क्रमांक. शून्य क्रमांक वॉचडॉगचा मानला जातो, म्हणून एकपासून सुरुवात करा आणि क्रमांक लहानच ठेवा, आतल्या बीएमसीत सेन्सरसाठी जागा मोजकीच आहे. अकरावा बाइट एफएफ ठेवण्यामागे कारण आहे. त्याचा सर्वांत वरचा बिट सांगतो की या सेन्सरचं वाचन बाहेरून बदलता येतं, आणि सहाव्या क्रमांकाचा बिट स्कॅनिंग सुरू करतो. स्कॅनिंग बंद राहिलं तर सेन्सर यादीत दिसतो पण वाचन मिळत नाही, आणि माणूस तासभर भलतीकडे शोधत बसतो. बाराव्यात ४० ठेवलंय, कारण आतला बीएमसी मर्यादांचे प्रश्न हाताळत नाही. उगाच ‘माझ्याकडे मर्यादा आहेत’ असं नोंदीत लिहून वाचणाऱ्या प्रोग्रामची दिशाभूल कशाला?

तेरावा ०१ म्हणजे तापमान, बाविसावा ०१ म्हणजे अंश सेल्सिअस. एकविसावा शून्य म्हणजे वाचन नेहमी धन. नाशिककरांना निफाडच्या थंडीची आठवण होईल, पण तिथेही पारा हिवाळ्यात खूप उतरला तरी दोन-चार अंशांवर असतो, धन आकडा पुरतो. उणे तापमान हवंच असेल तर इथे हेक्स ८० टाका, मग कच्चा आकडा उणे-अधिक दोन्ही धरून वाचला जातो.

आता गणित. खरं मूल्य काढायचं सूत्र असं: कच्च्या आकड्याला एमने गुणा, त्यात बी मिळवा, आणि आलेल्याला दहाच्या घाताने गुणा. एम पंचविसाव्या बाइटमध्ये, बी सत्ताविसाव्यात, घात तिसाव्या बाइटच्या वरच्या अर्ध्यात. बीलाही स्वतःचा घात असतो, तो त्याच बाइटच्या खालच्या अर्ध्यात; आपण बी शून्यच ठेवलाय. तापमानाला एम १, बाकी शून्य, म्हणून कच्चे ४२ म्हणजे ४२ अंश.

पंख्याची नोंद याच साच्यातून बनते. नाव ‘अंबडफॅन’, रोमनमध्ये आठ अक्षरं: ४१ ४डी ४२ ४१ ४४ ४६ ४१ ४ई. पहिला बाइट आणि सेन्सरचा क्रमांक ०२ करा, नववा १डी म्हणजे पंखा, तेरावा ०४, बाविसावा १२, म्हणजे मिनिटाला फेरे. पंचविसावा ३सी, म्हणजे ६०. आता कच्चे १०० म्हणजे ६००० फेरे, आणि जास्तीत जास्त १५,३०० फेऱ्यांपर्यंत मोजता येतात.

व्होल्टेजची गंमत वेगळी. ‘सिन्नर१२’, रोमनमध्ये तेही आठच: ५३ ४९ ४ई ४ई ४१ ५२ ३१ ३२. पहिला बाइट आणि क्रमांक ०३, नववा ०ए म्हणजे वीजपुरवठा, तेरावा ०२, बाविसावा ०४ म्हणजे व्होल्ट. पंचविसावा ३एफ म्हणजे ६३, आणि तिसावा डी०. तो ‘डी’ म्हणजे चार बिटांतला उणे तीन. मग प्रत्येक पायरी ०.०६३ व्होल्टची: कच्चे १९१ म्हणजे १२.०३३ व्होल्ट.

या पायरीकडे नीट बघा. १२ व्होल्टच्या तारेला पाच टक्के सूट धरली तर खालची हद्द ११.४ व्होल्ट. कच्चे १८१ म्हणजे ११.४०३ आणि १८० म्हणजे ११.३४. मधलं काही नाहीच. नियमात ‘११.४ पेक्षा कमी’ लिहिलं तर १८१ ला शांतता आणि १८० ला अलार्म, हे बरोबरच. पण कुणी हौसेने ‘११.४ असेल तर’ असा बरोबरचा नियम लिहिला तर तो कधीच लागणार नाही. पंख्यालाही तेच: ‘१००० फेऱ्यांच्या खाली’ या नियमाला १७ वर १०२० आणि १६ वर ९६०, त्यामधला आकडा हा सेन्सर दाखवूच शकत नाही. खऱ्या सर्व्हरचे सेन्सरही असेच पायऱ्यांनी चालतात, म्हणून चाचणीत पायरी मुद्दाम जाडी ठेवलेली बरी.

हे बाइट फाइलमध्ये उतरवायला पायथनच्या चार ओळी पुरतात: आकड्यांची यादी, तिच्यावर ‘बाइट्स’, आणि बायनरी पद्धतीने उघडलेल्या फाइलमध्ये लिहिणं. साध्या एडिटरमध्ये आकडे टाइप करून जतन करू नका, त्यात अक्षरं जातात, बाइट नाही. तिन्ही फाइली कॅट कमांडने जोडून ‘नाशिक.बिन’ बनवा आणि आकार बघा. ५६ गुणिले ३ म्हणजे बरोबर १६८ बाइट. एकही कमी-जास्त असेल तर पुढे जाऊ नका.

तिसरी पायरी: नोंद जोडा आणि पारा हलवा

बीएमसीची ओळ आता अशी होईल:

-डिव्हाइस आयपीएमआय-बीएमसी-सिम,आयडी=बीएमसी०,एसडीआरफाइल=नाशिक.बिन

फाइल दिली की तयार यादी बाजूला पडते, म्हणजे वॉचडॉगची नोंदही जाते. वॉचडॉग तपासायचा असेल तर त्याची नोंद स्वतः घाला. सुट्या भागांची माहिती हवी असेल तर याच ओळीत एफआरयूडेटाफाइल हा पर्याय आहे, आणि जीयूआयडी म्हणजे मशीनचा ओळख क्रमांक दिला नाही तर तो विचारणारी कमांड त्रुटीचा निरोप देते. काही इन्व्हेंटरी सॉफ्टवेअर तेवढ्यावरच अडतात.

मशीन चालू करून पुन्हा ‘एसडीआर ईलिस्ट’ द्या. तिन्ही नावं दिसतील, वाचन सगळ्यांचं शून्य. सातपूरमध्ये शून्य अंश, म्हणजे काम बरोबर चाललंय. आता पारा चढवा:

आयपीएमआयटूल रॉ हेक्स ०४ हेक्स ३० हेक्स ०१ हेक्स ०१ हेक्स २ए

०४ हा सेन्सरच्या कमांडचा गट, ३० म्हणजे ‘वाचन लिही’. पुढचा ०१ सेन्सरचा क्रमांक, त्यापुढचा ०१ म्हणजे ‘दिलेला आकडा वाचनात टाक’, आणि २ए म्हणजे ४२. पुन्हा यादी काढा, ‘सातपूर_टी’ समोर ४२ अंश दिसायला हवं. पंख्याला ६४ द्या, ६००० फेरे. व्होल्टेजला बीएफ द्या, १२.०३ व्होल्ट.

कमांड नाकारली गेली तर उत्तरातला कोड बरंच सांगतो. सी१ म्हणजे ही कमांडच माहीत नाही, तुमचं क्यूएमू जुनं आहे, नवं घ्या. सीबी म्हणजे त्या क्रमांकाचा सेन्सर नाही, म्हणजे आठवा बाइट पाहा. सीसी म्हणजे पाठवलेल्या माहितीत काहीतरी चूक, बहुधा दुसरा ०१ चुकलाय.

आकडे जुनेच दिसत असतील तर नोंदीची साठवलेली प्रत आड येत असेल. आयपीएमआयटूलसारखाच दुसरा संच म्हणजे फ्रीआयपीएमआय; त्याची साधनं एसडीआरची प्रत घरच्या फोल्डरात ठेवतात. नोंद बदलली की ‘आयपीएमआय-सेन्सर्स’ला फ्लश-कॅश पर्याय देऊन ती आधी पुसा. प्रोमिथियस या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरचा आयपीएमआय एक्स्पोर्टर आतून हीच साधनं वापरतो, म्हणून त्याच्याकडेही हाच घोळ दिसू शकतो.

चौथी पायरी: बाहेरचा सिम्युलेटर, आणि खरा अलार्म

आयपीएमआय_सिमला दोन फाइली लागतात. पहिलीत ‘कोण, कुठे ऐकतो, कोणाला आत घ्यायचं’. दुसरीत बीएमसी आणि सेन्सर. पहिलीचं नाव लॅन.कॉन्फ. तिचा गाभा असा:

नेम "नाशिक"
सेट_वर्किंग_एमसी हेक्स २०
स्टार्टलॅन १
ॲड्र १२७.०.०.१ ९००१
प्रिव्ह_लिमिट ॲडमिन
अलाउड_ऑथ्स_ॲडमिन नन एमडी२ एमडी५ स्ट्रेट
एंडलॅन
सिरियल १५ लोकलहोस्ट ९००२ कोडेक व्हीएम
युजर २ ट्रू "आयपीएमआययूएसआर" "टेस्ट" ॲडमिन १० नन एमडी२ एमडी५ स्ट्रेट

यात ‘व्हीएम’ हा शब्द तेवढा मोठ्या अक्षरांत टाइप करायचा. ९००१ वर मॉनिटरिंग बोलणार, ९००२ वर क्यूएमू. आयपीएमआयचा खरा पोर्ट ६२३, पण १०२४ च्या खालच्या पोर्टला रूट लागतं, चाचणीत ते नको. पत्ता १२७.०.०.१ च ठेवा. हा दरवाजा फक्त तापमान सांगत नाही, तो मशीन रीसेट करतो आणि बंदही करतो. ऑफिसच्या लॅनवर ‘टेस्ट’ या पासवर्डासह उघडा ठेवायची वस्तू नाही ही.

दुसरी फाइल, नाशिक.ईएमयू:

एमसी_सेटबीएमसी हेक्स २०
एमसी_ॲड हेक्स २० ० नो-डिव्हाइस-एसडीआर्स हेक्स २३ ९ ८ हेक्स ९एफ हेक्स १२९१ हेक्स एफ०२
एसईएल_एनेबल हेक्स २० १००० हेक्स ०ए
सेन्सर_ॲड हेक्स २० ० ० ३५ हेक्स ६एफ इव्हेंट-ओन्ली
सेन्सर_ॲड हेक्स २० ० १ हेक्स ०१ हेक्स ०१
सेन्सर_सेट_थ्रेशोल्ड हेक्स २० ० १ सेटेबल ०११००० ० हेक्स २८ हेक्स २३ ० ० ०
सेन्सर_सेट_इव्हेंट_सपोर्ट हेक्स २० ० १ एनेबल स्कॅनिंग पर-स्टेट, आणि पुढे चार वेळा ०००००१०१०००००००
मेन_एसडीआर_ॲड हेक्स २०, आणि पुढे नोंदीचे ५६ बाइट
एमसी_एनेबल हेक्स २०

चौथ्या ओळीतला शून्य क्रमांकाचा सेन्सर वॉचडॉग आहे. बाहेरच्या सिम्युलेटरला तो शून्यावरच लागतो, गाळू नका.

मर्यादांची ओळ डावीकडून उजवीकडे वाचा: वरची अखेरची, वरची गंभीर, वरची इशारा, मग खालच्या तीन. आपण गंभीर ४० म्हणजे हेक्स २८, आणि इशारा ३५ म्हणजे हेक्स २३ ठेवला. ३५ हवेतून काढलेला नाही: ॲशरे या वातानुकूलनाचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या ए२ वर्गातल्या सर्व्हरला आत येणाऱ्या हवेसाठी १० ते ३५ अंशांची मुभा आहे, शिफारस तर १८ ते २७ चीच. त्यापुढच्या घटनांच्या ओळीतल्या १५ आकडी पट्ट्यात डावीकडचा बिट १४ आणि उजवीकडचा ०. सातवा बिट म्हणजे इशाऱ्याची हद्द वर ओलांडली, नववा म्हणजे गंभीर हद्द वर ओलांडली. चार पट्टे म्हणजे घटना घडणं आणि मिटणं, प्रत्येकी ‘जमतं’ आणि ‘चालू आहे’. चौघं सारखेच ठेवले की क्रमाची डोकेदुखी नाही.

नोंद मघाचीच, पण आता मर्यादा खऱ्या आहेत, म्हणून काही बाइट बदलतात. बारावा ४८. पंधरा-सोळा ८० ०२. सतरा-अठरा ८० ३२. एकोणीस-वीस १८ १८. अडतिसावा २८, एकोणचाळिसावा २३. पंखा आणि व्होल्टेज याच पद्धतीने जोडा, त्यांच्या मर्यादा खालच्या बाजूच्या असतील. एमसी_ॲडच्या शेवटी पर्सिस्ट_एसडीआर हा शब्द जोडता येतो, तो चाचणीत लावू नका. प्रत्येक वेळी कोरी सुरुवात हवी.

आता क्रम महत्त्वाचा, आधी सिम्युलेटर:

आयपीएमआय_सिम -सी लॅन.कॉन्फ -एफ नाशिक.ईएमयू -एस ./स्टेट

मग क्यूएमूत:

-चारडेव्ह सॉकेट,आयडी=आयपीएमआय०,होस्ट=लोकलहोस्ट,पोर्ट=९००२,रीकनेक्ट=१०
-डिव्हाइस आयपीएमआय-बीएमसी-एक्स्टर्न,आयडी=बीएमसी१,चारडेव्ह=आयपीएमआय०
-डिव्हाइस आयएसए-आयपीएमआय-केसीएस,बीएमसी=बीएमसी१

रीकनेक्ट नसेल तर सिम्युलेटर एकदा बंद पडला की बीएमसी गेलाच, मशीन पुन्हा चालू करावं लागतं. क्यूएमूच्या नव्या आवृत्तीत हा पर्याय रीकनेक्ट-एमएस नावाने मिलिसेकंदांत द्यायचा, म्हणजे १०,०००.

होस्टवरून विचारा:

आयपीएमआयटूल -आय लॅनप्लस -एच १२७.०.०.१ -पी ९००१ -यू आयपीएमआययूएसआर -पी टेस्ट एसडीआर ईलिस्ट

यातले आय, एच आणि यू मोठ्या अक्षरांत. पोर्टचा पी लहान, पासवर्डचा पी मोठा. उलटं झालं की आयपीएमआयटूल भलतंच बोलतं. सत्र जुळत नसेल तर मोठ्या सीपुढे ३ देऊन सायफर बदलून पाहा.

सिम्युलेटर चालू असलेल्या खिडकीत त्याचा स्वतःचा प्रॉम्प्ट असतो. तिथे वाचन थेट बदलता येतं:

सेन्सर_सेट_व्हॅल्यू हेक्स २० ० १ हेक्स २४ १

३६ अंश. शेवटचा १ म्हणजे ‘घटना पण नोंदव’. आता वरच्याच कमांडमध्ये एसडीआरच्या जागी ‘एसईएल ईलिस्ट’ द्या. इशाऱ्याची हद्द ओलांडल्याची ओळ दिसेल. मग हेक्स २९, म्हणजे ४१. गंभीर हद्दीची ओळ येईल आणि फोनवर मेसेजही यायला हवा. एकदम २० वरून ४१ वर उडी मारू नका. खऱ्या खोलीत पारा पायरीपायरीने चढतो आणि दोन वेगळ्या नियमांची चाचणीही वेगवेगळी होते.

उतरतानाही बघा. ४१, ३९, ४१, ३९ असं चार-सहा वेळा करा. मेसेजचा पाऊस पडला तर नियमात परतीची हद्द वेगळी हवी, म्हणजे ४० ला वाजेल पण ३७ च्या खाली आल्याशिवाय मिटणार नाही. उन्हाळ्यात एसी धडपडत असतो तेव्हा पारा नेमका असाच हिंदकळतो, आणि रात्री दोनला वीस मेसेज आले की माणूस फोन सायलेंटवर टाकतो.

हाताने आकडे देण्याचा कंटाळा आला तर सेन्सरला फाइल बांधा. सेन्सर_ॲडच्या ओळीपुढे ‘पोल १००० फाइल’ आणि फाइलचा पूर्ण पत्ता लिहा. सिम्युलेटर दर सेकंदाला ती वाचतो. आता एक छोटी स्क्रिप्ट त्या फाइलमध्ये २८ पासून ४३ पर्यंत आकडे दर अर्ध्या मिनिटाला टाकत गेली की मे महिन्यातली बंद एसीची दुपार आठ मिनिटांत चालते. फाइलमधला आकडा मिलिअंशात असेल, लिनक्सच्या हार्डवेअर सेन्सरसारखा, तर ‘डिव्ह=१०००’ जोडा. फाइल बांधली की हाताने दिलेलं वाचन टिकत नाही, पुढच्याच सेकंदाला फाइलचा आकडा येतो.

मॉनिटरिंगच्या बाजूने

झॅबिक्स हे मॉनिटरिंग सॉफ्टवेअर वापरत असाल तर सर्व्हरच्या सेटिंगमधला स्टार्टआयपीएमआयपोलर्स तपासा. तो मुळात शून्य असतो, म्हणजे आयपीएमआय बंदच. तो एक करा, सर्व्हर पुन्हा सुरू करा, होस्टच्या आयपीएमआय इंटरफेसमध्ये पोर्ट ९००१ द्या. झॅबिक्स दुसऱ्या मशीनवर असेल तर सिम्युलेटर बाहेर उघडू नका, त्याच मशीनवर चालवा. आयपीएमआयची रहदारी यूडीपीवर चालते, त्यामुळे नेहमीचा एसएसएच बोगदा कामाचा नाही.

नोंदवहीतल्या वेळा साडेपाच तासांनी पुढे-मागे दिसल्या तर घाबरू नका. आयपीएमआयच्या वेळेत टाइमझोन नसतोच, बीएमसीला कुणी स्थानिक वेळ भरतं, कुणी जागतिक. ‘एसईएल टाइम सेट नाऊ’ देऊन जुळवा आणि सगळीकडे एकच पद्धत ठेवा. आतल्या बीएमसीची नोंदवही १२८ ओळींचीच आहे, लांब चाचणीत ती भरते. मधूनमधून ‘एसईएल क्लिअर’ द्या.

बीएमसीचंच सॉफ्टवेअर लिहीत असाल तर

ओपनबीएमसी या बीएमसीच्या खुल्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांना वरचं सगळं उलट्या बाजूचं वाटेल, कारण त्यांचं सॉफ्टवेअर बीएमसीच्या आत चालतं. त्यांनी क्यूएमूचं आर्म यंत्र चालवून अस्पीड या बीएमसी चिपचा बोर्ड उभा करावा आणि त्याच्या आयटूसी, म्हणजे छोट्या चिपांना जोडणाऱ्या, तारेवर तापमानाची नकली चिप टांगावी:

-डिव्हाइस टीएमपी१०५,बस=अस्पीड.आय२सी.बस.३,ॲड्रेस=हेक्स ४डी,आयडी=टीएमपी-टेस्ट

आतल्या लिनक्सला एलएम७५ हे नाव आणि ४डी हा पत्ता त्या बसच्या न्यू_डिव्हाइस फाइलमध्ये लिहून कळवायचा, मग हार्डवेअर सेन्सरच्या फोल्डरात टेम्प१_इनपुट दिसतं, सुरुवातीला शून्य. बाहेरून क्यूएमूच्या मॉनिटरवर क्यूओएम-सेट कमांड द्या: मशीन, पेरिफेरल, टीएमपी-टेस्ट या पत्त्यावरचं टेम्परेचर ४१००० करा. आकडा मिलिअंशात, म्हणजे ४१ अंश. इथे एसडीआर नाही, एम नाही, बी नाही; चिप आपलं वाचन थेट देते आणि त्याचं पुढे काय करायचं ते तुमच्या कोडने ठरवायचं. मात्र या चिपची पायरीही ठरलेली असते, म्हणून ४१००१ लिहिलं तर आत नेमके ४१००१ वाचायला मिळतील ही अपेक्षा ठेवू नका, चाचणीत थोडी ढिलाई ठेवा.